ठराव क्रमांक नसलेले निर्णय

छोट्या शहराच्या नगरपालिकेने वर्षभरात काय ठरवलं, याची एकमेव पक्की नोंद म्हणजे सभेचं इतिवृत्त. ते वाचून दोन सुजाण माणसं अगदी उलट्या निष्कर्षांवर येऊ शकतात. अशा दोघांना मी इथे समोरासमोर बोलू दिलं आहे. साशंकाचं म्हणणं मला पटत नाही, पण ते खोडून काढणं मला वाटलं होतं तितकं सोपं नाही.

साशंक : एप्रिल ते मार्च, पूर्ण वर्षाचं इतिवृत्त वाचलं. ‘क’ वर्ग नगरपरिषदेचं इतिवृत्त जसं असतं तसंच. विषय क्रमांक, खाली कार्यालयाची टिपणी, मग ‘सदर विषयावर सभागृहात सविस्तर चर्चा झाली’, मग सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव, आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. ती सविस्तर चर्चा काय झाली, याचा एक शब्दही कुठे नाही. विषय तरी काय? अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत काँक्रीट रस्ता आणि बंदिस्त गटार. समाजमंदिराला संरक्षक भिंत. पावसाळ्यात घेतलेल्या जंतुनाशक पावडरीला कार्योत्तर मंजुरी. घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ. त्या ठेक्याला आणखी एक मुदतवाढ. चौकात स्वागत कमान. या सगळ्यामागचा पैसा कुणाचा, ते पाहा. नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण योजना, वित्त आयोग, आमदार निधी. प्रत्येक पैसा कपाळावर आपला शीर्ष लिहूनच येतो. पंधराव्या वित्त आयोगाने छोट्या शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. तो दुसरीकडे वळवता येत नव्हता. योजनांच्या निधीचं तर विचारूच नका. कामांची यादी आधी ठरते, अनेकदा नगरपालिकेच्या बाहेर ठरते, आणि त्या यादीला जोडायचा कागद म्हणून ठराव मागवला जातो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. या साखळीत सभागृहाचं काम एका सहीपुरतं. मला हे गावाचे निर्णय वाटत नाहीत. दुसऱ्यांच्या निर्णयांची ही पोचपावती आहे.

आग्रही : तुम्ही ज्याला पोचपावती म्हणता तिच्यातच एक प्रश्न दडलेला आहे. अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंतच का? पलीकडच्या गल्लीत का नाही? निधी पाण्यासाठी बांधलेला असेल, पण नवी जलवाहिनी आधी कोणत्या वसाहतीत जाईल, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांना आठवड्यातून किती वेळा पाणी सुटेल, हे मुंबईत बसून कुणी ठरवत नाही. माझ्या ओळखीच्या एका वस्तीत मुख्य वाहिनी वरच्या रस्त्याने गेली आणि खालच्या रांगेला अर्ध्या इंचाचं नळ कनेक्शन आजही मोटार लावल्याशिवाय चालत नाही. त्या वाहिनीचा मार्ग एका सभेत ठरला होता. त्या सभेला ज्यांचे नगरसेवक जागे होते त्यांना पाणी मिळालं. याला तुम्ही नुसती सही म्हणाल?

आणि हात बांधलेले आहेत, हे मान्य. पण ते जन्मापासून बांधलेले नव्हते. 1999 साली जकात गेली. तोपर्यंत गावाच्या वेशीवरच्या नाक्यावर रोजचा पैसा जमायचा आणि तो नगरपालिकेचा स्वतःचा असायचा. त्याच्या जागी सहायक अनुदान आलं. त्यातून पगार भागतात, पण ते कधी यायचं आणि किती यायचं हे मंत्रालयाच्या हातात. 74व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं, बाराव्या अनुसूचीत 18 कामांची यादी दिली, आणि सहा वर्षांत आपल्याकडे त्यांचं सर्वांत मोठं स्वतःचं उत्पन्न काढून घेतलं गेलं. जकात चांगली होती असं मी म्हणत नाही. नाक्यांवरची लाचखोरी आणि ट्रकांच्या रांगा सगळ्यांना आठवतात. मी एवढंच म्हणतो, की सभागृह दुबळं झालं ते काही ठरावीक निर्णयांमुळे. आणि असे निर्णय बदलताही येतात.

साशंक : बदलता येतात हे ऐकायला बरं वाटतं. मग जी गोष्ट आजही पूर्णपणे त्यांच्या हातात आहे, तिचं काय केलं ते पाहू. घरपट्टी. तुमच्या घरचं मागणी बिल समोर घ्या. एकत्रित मालमत्ता कर, वृक्ष कर, घनकचऱ्याचं शुल्क, खाली शिक्षण कर आणि, बिगरनिवासी वापर असेल तर, रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन राज्य शासनाचे, नगरपालिका फक्त गोळा करून भरते. त्याखाली मागील थकबाकी आणि तिच्यावर दरमहा दोन टक्के शास्ती. या सगळ्याचा पाया म्हणजे तुमच्या इमारतीचं करयोग्य मूल्य. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. मोजणी, नवी यादी, हरकती, सुनावणी, अपील. कायद्याने मार्ग आखून दिलेला आहे. आता इतिवृत्तात तो विषय शोधा. ऑगस्टच्या सभेत आहे. खाली लिहिलंय, ‘विषय अधिक अभ्यासासाठी पुढील सभेत ठेवण्यात यावा’. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत तो नाही. त्यानंतरच्या सभेतही नाही. फेब्रुवारीत अंदाजपत्रक आलं आणि ‘कोणतीही करवाढ नाही’ म्हणून बाकं वाजली.

आता परिणाम बघा. जुन्या पेठेतल्या वाड्यातली विधवा बाई पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोजणीप्रमाणे नेमाने कर भरते. बायपासच्या बाजूला तीन मजली इमारत उभी आहे, खाली दुकानं, वर भाडेकरू, आणि नगरपालिकेच्या नोंदवहीत तिथे अजून मोकळा प्लॉट आहे. फेरआकारणी झाली असती तर या बाईचा कर कदाचित वाढलाही नसता, पण त्या इमारतीचा शून्यावरून सुरू झाला असता. सभागृहाने ते होऊ दिलं नाही. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. तीन मजली इमारतीत मतं आहेत, आणि तिचा मालक सभागृहात बसलेल्या कुणाचा तरी पाहुणा आहे. ज्यांच्या हातात एकच खरा अधिकार उरलाय, ते तो वापरत नाहीत. मग मी त्यांना जास्त अधिकार द्या असं का म्हणू?

आग्रही : ही तुमची सर्वांत भक्कम तक्रार आहे आणि मी ती झटकणार नाही. पण तुम्ही जो इलाज मनात धरून बोलताय, तो आपण करून पाहिला आहे. बहुतेक नगरपालिकांची मुदत 2021 च्या अखेरीस किंवा 2022 च्या सुरुवातीला संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात, मग प्रभाग रचनेचा वाद, आणि निवडणुका झाल्या त्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिल्यावर, डिसेंबर 2025 मध्ये. घटना म्हणते की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. इथे बहुतेक गावांत जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. नगरसेवकाला मतांची भीती असते म्हणून तो निर्णय घेत नाही, हे तुमचं म्हणणं. प्रशासकाला मतांची भीती नव्हती. मग त्या काळात सगळीकडे फेरआकारणी पार पडून बायपासवरच्या इमारती यादीत आल्या का?

साशंक : काही ठिकाणी आल्या. मोजणी झाली, नव्या नोटिसा निघाल्या.

आग्रही : आणि निघाल्याबरोबर मोर्चे निघाले, आणि निवडणुका जवळ आल्यावर वरून स्थगिती आल्याचंही आपण पाहिलं. म्हणजे मतांची भीती गेली नाही. ती गल्लीतून मंत्रालयात गेली. नगरसेवकाच्या दारात जाऊन विचारता येतं, ‘का रे बाबा, विषय पुढे का ढकलला?’ मंत्रालयाच्या दारात आपल्यापैकी कोण जाणार? मी प्रशासकांना दोष देत नाही. त्यांच्यापैकी अनेकजण एकाच वेळी दोन-तीन गावांचा कारभार बघत होते. मुद्दा असा, की त्या काळात ठराव होत राहिले. फरक एवढाच, की सभागृहाच्या जागी प्रशासकाच्याच सहीचा ठराव असायचा. विरोधात बोलायला कुणी नाही, आणि सूचक, अनुमोदक, मंजूर करणारा सगळा एकच माणूस. तुम्ही म्हणालात, इतिवृत्तात चर्चा दिसत नाही. तिथे तर ती असण्याची शक्यताच नव्हती.

साशंक : पण गाव चाललं ना? दिवे लागले. पाणी सुटलं. कचरा उचलला गेला, जेवढा आधी उचलला जायचा तेवढाच. हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय. एखादी संस्था चार वर्षं नसते आणि तिची उणीव फारशी कुणाला भासत नाही. मग ती जेव्हा असते तेव्हा नेमकं काय करत असते?

आग्रही : उणीव भासली, फक्त ती इतिवृत्तात लिहिली गेली नाही. बाळंतिणीला घेऊन रुग्णालयात जायचंय आणि गल्लीत गटार उपसलेलं पडलंय, तर सकाळी सहाला कुणाला उठवायचं? रहिवासी दाखला, जन्माच्या नोंदीतली नावाची चूक, दिवाबत्तीचा खांब, अंत्यविधीच्या लाकडांची सोय. यासाठी लोक कार्यालयात जात नाहीत, माणसाकडे जातात. तो माणूस नव्हता.

साशंक : हे काम महत्त्वाचं आहे, पण याला निर्णय म्हणत नाहीत. याला मध्यस्थी म्हणतात. आणि जिथे कार्यालय नीट चालतं तिथे मध्यस्थ लागू नये. तुम्ही नगरसेवकाचं समर्थन करता करता त्याला दलालाच्या जागी नेऊन बसवलंत. मला त्याच्याकडून वेगळी अपेक्षा आहे. त्याने सभागृहात उभं राहून सांगावं, की हा ठेका तिसऱ्यांदा वाढवू नका, नवी निविदा काढा. हे एका वर्षात किती वेळा झालं?

आग्रही : तुमची अपेक्षा रास्त आहे, माझीही तीच आहे. आणि इथेच मला तुमच्या वाचनात एक उणीव वाटते. तुम्ही ज्या ठरावांना क्रमांक आहेत ते वाचलेत. मला वाटतं, वर्षातले मोठे निर्णय क्रमांकाशिवाय होतात. मुदतवाढ घ्या. ठेका संपायच्या सहा महिने आधी निविदेची तयारी सुरू करायला हवी होती. ती सुरू झाली नाही. ठेका संपला, उद्यापासून कचरा कोण उचलणार म्हणून मुदतवाढ द्यावीच लागली. सभागृहात ठराव आला तेव्हा निर्णय होऊन सहा महिने उलटले होते.

याहून मोठं उदाहरण जागांचं. विकास आराखड्यात शाळेमागच्या जमिनीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण असतं. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर मालक नगरपालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. आपोआप. कुणी ठराव करावा लागत नाही, कुणी हात वर करावा लागत नाही. नोटीस आवक-जावक विभागात येते, शिक्का बसतो, नगररचना विभागाच्या कपाटात जाते. 24 महिने म्हणजे कायद्याप्रमाणे दर दोन महिन्यांनी एक धरली तर बारा सर्वसाधारण सभा. बाराही सभांच्या विषयपत्रिकेत त्या नोटिशीचा उल्लेख नसतो. मग एके दिवशी तिथे चुन्याच्या रेषा पडतात आणि प्लॉट विक्रीचा फलक लागतो. पुढच्या पन्नास वर्षांत त्या शाळेतली मुलं कुठे खेळणार हे ठरून गेलेलं असतं, आणि वर्षाच्या इतिवृत्तात त्याची एक ओळसुद्धा नसते. मला सगळ्यात जास्त दुःख या निर्णयाचं होतं. स्वागत कमान उद्या पाडता येईल. मैदान परत येत नाही.

साशंक : दुःख मलाही आहे. पण तुम्ही ते इतिवृत्तातल्या एका ओळीने भरून निघेल असं सुचवताय, ते मला पटत नाही. समजा नोटीस सभेपुढे आली. समजा सगळ्यांनी तळमळीने चर्चा केली. पुढे काय? संपादन करायचं तर 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला, बाजारभावावर दिलासा रक्कम धरून. ‘क’ वर्ग नगरपालिकेचं स्वतःचं उत्पन्न त्या एका प्लॉटलाही पुरत नाही. मोठ्या शहरात रोख पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देतात. इथे ते घेणार कोण? जिथे आहे तेवढंच चटईक्षेत्र लोक वापरून संपवत नाहीत, तिथे जास्तीचं विकत कोण घेईल? मालक म्हणणार, मला कागद नको, पैसे द्या. म्हणजे ठराव झाला तरी मैदान गेलं असतं. आणि सुरुवातीला ते आरक्षण टाकणाऱ्यालाही हे माहीत होतं. आराखड्यावर हिरवा रंग भरायला पैसे लागत नाहीत.

आग्रही : सगळी मैदानं वाचली नसती. पण अशा नऊ जागा असतील तर त्यांपैकी कोणती दोन वाचवायची, हे कुणीतरी समोर बसून ठरवलं असतं. त्यासाठी घरपट्टीचा थोडा हिस्सा बाजूला काढायचा का, हे विचारलं गेलं असतं. एखाद्या मालकाशी अर्ध्या जागेची तडजोड झाली असती. आणि काहीच नाही तरी सभागृहाने लिहून ठेवलं असतं की आम्ही ही जागा विकत घेऊ शकत नाही, म्हणून सोडत आहोत. सोडणं हाही निर्णय आहे आणि तो नावानिशी घेतला पाहिजे. ज्या सभागृहाला आपण काय सोडलं हे सांगता येत नाही, त्याने काय मिळवलं हे सांगण्यावर मी विश्वास ठेवत नाही.

विरोधाची नोंद किती मोलाची असते, याचं एक उदाहरण पुण्याचं आहे. महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणत त्यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. मंडईच्या भव्य इमारतीवर होणाऱ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. खर्च झाले, इमारत उभी राहिली, आणि पुढे तिला त्यांचंच नाव दिलं गेलं. ते हरले. पण तो विरोध नोंदला गेला, म्हणून आज आपण विचारू शकतो की एका शहराने शिक्षणाआधी काय निवडलं. सगळं ‘सर्वानुमते’ झालं असतं तर हा प्रश्नच उरला नसता.

साशंक : उदाहरण मोठ्या माणसाचं आहे, म्हणून जपून बोलतो. पण फुले त्या सभागृहात निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त सभासद होते. त्यांच्या पाठीशी प्रभाग नव्हता आणि पुढची निवडणूकही नव्हती. म्हणजे तुमच्या युक्तिवादातलं सर्वांत तेजस्वी मत निवडणुकीशिवाय आलेलं आहे. आजचा नगरसेवक तसं मत देऊ पाहील तर काय होईल? गटनेता पक्षादेश काढेल. 1986 चा अनर्हता कायदा स्थानिक संस्थांच्या सदस्यांनाही लागू आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. वर दोन सदस्यांचा प्रभाग. जबाबदारी कुणाची हे विचारायला गेलं तर हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो ह्याच्याकडे. आणि थेट निवडून आलेला नगराध्यक्ष असावा की नसावा, हे गावाला कुणी विचारलं नाही. 2016 मध्ये थेट निवडणूक आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. प्रत्येक वेळी मुंबईतलं सरकार बदललं म्हणून. ज्या सभागृहाची रचनाच दुसऱ्याच्या सोयीने बदलत राहते, त्यातल्या एकट्या माणसाने फुल्यांसारखं उभं राहावं अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

आग्रही : फुले नियुक्त होते, हे खरं आहे आणि त्याचं वजन मी मान्य करतो. मग निवडून आलेल्या सभागृहाचं उदाहरण देतो. छोट्या गावाचं. महाड. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी त्याला धरून चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कुठे मुंबईचं विधिमंडळ आणि कुठे ते गाव. तरीही त्या छोट्या सभागृहाने आपल्या वहीत ती ओळ लिहिली. तळं सर्वांना खुलं असावं म्हणणारी सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं त्या गावात होती.

साशंक : आणि तीन वर्षं अस्पृश्य मानलेल्यांपैकी कुणी त्या तळ्यावर जाऊ शकलं नाही. ठराव वहीत आणि पाणी तळ्यात. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मतदारांसमोर उभं राहणाऱ्या सभागृहाचं हेही उदाहरण आहे. गावातली बलवान मतं बोलली आणि सभागृह वाकलं. बायपासवरच्या इमारतीच्या बाबतीत जे होतं, ते तिथे कितीतरी भयंकर रूपात झालं.

आग्रही : झालं. यात काही लपवण्यासारखं नाही. पण 1924 ची ती ओळ नसती तर? लोक तळ्यावर गेले ते नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावायला. ती ओळ वापरात नसेल, पण ती हातात होती. ती रद्द झाल्यावरही लढा थांबला नाही, दावा चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळं बंद ठेवण्याच्या रूढीचा दावा फेटाळला. मी एवढंच म्हणतो, की ठराव म्हणजे अंमलबजावणी नव्हे हे तुमचं बरोबर आहे, पण ठराव म्हणजे काहीच नाही हे चूक आहे. कुणीतरी तो हातात घेऊन चालू लागेपर्यंत तो वाट पाहतो. आपल्या वर्षाच्या इतिवृत्तात असा एकही ठराव नाही, जो हातात घेऊन चालावं असं कुणाला वाटेल. माझी तक्रार ही आहे.

साशंक : चला, इथे आपण जवळ आलो. पण महाडचा ठराव हातात घेऊन चालणारी चळवळ सभागृहाच्या बाहेर होती. आपल्याकडे बाहेर कोण आहे? शेजारच्या खेड्यात निदान ग्रामसभा आहे. तिथला माणूस उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. ती कशी भरते, कोरम कसा पूर्ण होतो, कागदावर सह्या कशा गोळा होतात, हे मला माहीत आहे. तरी उभं राहायचा हक्क आहे. त्याच खेड्याची नगरपंचायत झाली की तो हक्क जातो. गावाला शहराचा दर्जा मिळतो आणि माणसाचा आवाज कमी होतो. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. आपल्यासारख्यांसाठी काहीच नाही. मग तुम्ही इतिवृत्त वाचा म्हणता ते कुणाला? वाचून ते काय करणार, पुढच्या निवडणुकीची वाट बघणार?

आग्रही : माहिती अधिकाराच्या कलम 4 खाली इतिवृत्तं, ठेके, मुदतवाढी मागण्याआधीच जाहीर करायला हव्यात. तिथून सुरुवात करता येते. मी पुढच्या सर्वसाधारण सभेआधी आमच्या प्रभागातल्या दोघांनाही लेखी विचारणार आहे. दोन विषय ठेवा. एक, आरक्षणाची दहा वर्षं उलटलेल्या सगळ्या जागांची यादी आणि आलेल्या खरेदी नोटिसांच्या तारखा. दोन, आकारणी न झालेल्या इमारतींची यादी. आणि मतदान घ्या, कोण बाजूने आणि कोण विरोधात ते नावांसह लिहा.

साशंक : सूचक कोण होणार?

आग्रही : विचारल्याशिवाय कळणार नाही.

साशंक : तर मग माझा प्रस्ताव ऐका. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानाला अट घातली होती, की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर ठरवावेत आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीच्या प्रमाणात वाढली पाहिजे. ती दिशा पुढे न्या. आकारणी सभागृहाच्या हातातून काढा. सूत्र ठरवा, दरवर्षी ते आपोआप लागू होऊ द्या, नकाशावर दिसणारी प्रत्येक इमारत आपोआप यादीत येऊ द्या. वाड्यातल्या बाईला न्याय मिळेल, बायपासवाला कर भरेल, आणि त्या पैशातून तुमची दोन मैदानं कदाचित वाचतील. नगरसेवकाला धैर्य दाखवण्याची गरजच पडणार नाही.

आग्रही : ‘आपोआप’ हा शब्द मैदानाच्या बाबतीतही होता. सूत्र कोण ठरवणार? जो ठरवेल तो आपल्या गावातला नसेल. आज कर कमी आहे आणि अन्यायाने वाटलेला आहे, हे खरं. पण तो कुणी ठरवला हे मला माहीत आहे. उद्या तो न्याय्य असेल आणि कुणी ठरवला हे विचारायला जागा नसेल. मग त्या सभागृहात उरेल काय? तुमच्याच यादीतली कमान आणि पावडर.

साशंक : आणि हातात ठेवला तर ते ठरवत नाहीत. वर्षभराची वही समोर आहे.

आग्रही : हो. म्हणूनच मी अजून तुम्हाला नाही म्हणालेलो नाही. मला आधी ऑगस्टमध्ये ‘पुढील सभेत’ ढकललेला तो विषय परत आलेला पाहायचा आहे. तो आला आणि नावानिशी मतदान होऊन हरला, तर गावाने करवाढ नाकारली हे मी मान्य करेन, भले ते मला चुकीचं वाटो. तो आलाच नाही, तर तुमच्या सूत्राविरुद्ध बोलायला माझ्याकडे फारसं काही उरणार नाही.

साशंक : किती सभा वाट पाहणार?

आग्रही : कायद्याने दर दोन महिन्यांनी एक होते. ती तरी वेळेवर होते का, हे आधी बघू.